बेळगाव सीमाभागातली आरोग्यसेवा : महामारीत काय घडले, आज हाती काय आहे (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हे पान कोणासाठी आहे?

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी, कागवाड, अथणी या पट्ट्यात राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी. घरात कोणी आजारी पडले की पहिला प्रश्न 'कुठला डॉक्टर' हा असतो. आपल्याकडे त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो, 'कुठल्या राज्यातला?' कोरोनाच्या काळात या दुसऱ्या प्रश्नाने माणसे रस्त्यात अडकली. तो प्रश्न अजून सुटलेला नाही, म्हणून हे पान. चंदगड, गडहिंग्लज, कागल, जत इथल्या वाचकांनाही यातली काही उत्तरे उपयोगी पडतील.

कोरोना तर श्रीमंत-गरीब सगळ्यांनाच झाला. मग विषमता कसली?

रोग सगळ्यांना झाला हे खरेच. बेळगावचे खासदार आणि केंद्रीय रेल्वे राज्यमंत्री सुरेश अंगडी यांचे २३ सप्टेंबर २०२० रोजी दिल्लीच्या एम्समध्ये कोरोनाने निधन झाले. पद आणि पैसा असूनही माणूस वाचत नाही, हे तेव्हा आपल्या जिल्ह्याने पाहिले. पण बेड मिळेपर्यंतचा रस्ता सगळ्यांचा एकसारखा नव्हता.

आकडे पाहा. जून २०२० मध्ये कर्नाटक सरकारने खासगी रुग्णालयांसाठी कोरोना उपचारांचे कमाल दर ठरवले. सरकारी यंत्रणेने पाठवलेल्या रुग्णासाठी साध्या वॉर्डचे दिवसाला ५,२०० रुपये आणि व्हेंटिलेटरसह अतिदक्षता विभागाचे १०,००० रुपये, आणि ते सरकार भरणार. स्वतःहून दाखल झालेल्या रोख रुग्णासाठी तेच दर १०,००० आणि २५,००० रुपये. म्हणजे दहा दिवस व्हेंटिलेटर लागला तर अडीच लाख, तेही सरकारने घातलेल्या मर्यादेत राहून. सरकारी चिठ्ठी मिळाली तर शून्य, नाही मिळाली तर शेत किंवा दागिने. ती चिठ्ठी मिळवायला कोणत्या नंबरवर फोन करायचा, कोणत्या भाषेत बोलायचे, कोणाची ओळख काढायची, हे माहीत असलेली घरे वेगळी आणि नसलेली वेगळी. विषमता तिथे होती.

सीमेपलीकडे दर आणखी निराळे. महाराष्ट्राने मे २०२० मध्ये खासगी रुग्णालयांसाठी दिवसाला साध्या वॉर्डचे ४,०००, व्हेंटिलेटरशिवाय अतिदक्षता विभागाचे ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये अशी मर्यादा घातली होती. काही औषधे आणि तपासण्या त्यात धरलेल्या नव्हत्या, तरी फरक मोठाच. निपाणीपासून कोल्हापूर साधारण चाळीस किलोमीटर. तेवढ्या अंतरात एकाच यंत्राचा दिवसाचा कमाल दर ९,००० वरून २५,००० होत होता, आणि मध्ये कोगनोळीचा नाका होता.

नाका बंद होता म्हणजे नक्की काय होते?

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागली. आपल्याकडे तिच्यावर राज्याच्या सीमेचा दुसरा थर चढला. १८ मे २०२० रोजी कर्नाटकाने महाराष्ट्र, गुजरात, तमिळनाडू आणि केरळमधून येणाऱ्यांना महिनाअखेरपर्यंत प्रवेश बंद केला. मुंबई-पुण्यात हॉटेलांत, कारखान्यांत काम करणारी खानापूर-बेळगावकडची पोरे गावाकडे निघाली होती, ती या निर्णयात सापडली. पुढे प्रवेश सुरू झाला तेव्हा महाराष्ट्रातून येणाऱ्यांना आधी शाळेत किंवा वसतिगृहात सात दिवस विलगीकरण, मग घरी सात दिवस.

दुसऱ्या लाटेच्या आधीच, फेब्रुवारी २०२१ मध्ये, महाराष्ट्रातून येताना ७२ तासांच्या आतला आरटीपीसीआर अहवाल सक्तीचा झाला. ३१ जुलै २०२१ ला तर लशीचे दोन्ही डोस घेतलेल्यांनाही तो दाखवणे बंधनकारक केले. वैद्यकीय तातडी आणि घरातला मृत्यू यांना आदेशात सूट होती. आदेशात सूट असणे आणि रात्री नाक्यावर उभ्या असलेल्या शिपायाला ती माहीत असणे, या दोन गोष्टींमधले अंतर रुग्णाच्या नातेवाइकांनी अंगावर काढले.

हा त्रास एकट्या आपल्या वाट्याला आला असेही नाही. मार्च २०२० च्या शेवटी कर्नाटकाने केरळकडचे रस्ते अडवले, तेव्हा कासरगोडच्या रुग्णांना मंगळूरच्या रुग्णालयांत जाता येईना आणि काही जण उपचारावाचून गेले. केरळ उच्च न्यायालयाने रस्ते खुले करायला सांगितले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तलपाडी नाक्यावरून रुग्ण सोडण्याची पद्धत दोन्ही राज्यांनी ठरवली. माझ्या मते आपल्यासाठी हा धडा मोलाचा आहे. कासरगोडकरांनी जमिनीचा वाद मध्ये आणला नाही. त्यांनी एवढेच मागितले की रुग्णवाहिका अडवू नका. कोगनोळी, शिनोळी आणि कणकुंबी या तिन्ही नाक्यांसाठी अशी लेखी पद्धत शांततेच्या काळातच ठरवून ठेवायला हवी.

आम्ही कागवाडचे. मिरज पंधरा-वीस मिनिटांवर, बेळगाव शंभराहून जास्त किलोमीटर. मिरजेत आमचे कर्नाटकचे कार्ड चालते का?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही.

कर्नाटकात 'आयुष्मान भारत – आरोग्य कर्नाटक' ही एकत्र योजना ऑक्टोबर २०१८ पासून चालते. तिच्यात दोन प्रकारची पात्र कुटुंबे आहेत. काहींची नावे २०११ च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेवरून केंद्राने तयार केलेल्या यादीत आहेत. बाकीची राज्याने रेशन कार्डाच्या आधारे जोडलेली. केंद्राच्या यादीतल्या कुटुंबाला देशात कुठल्याही राज्यातल्या आयुष्मानशी जोडलेल्या रुग्णालयात उपचार घेता येतात. राज्याने जोडलेल्या कुटुंबाचा हक्क मात्र कर्नाटकातच संपतो. दोघांच्या हातातले कार्ड दिसायला सारखेच असते, त्यामुळे मिरजेच्या काउंटरवर उभे राहिल्यावरच कळते की आपण कोणत्या यादीतले.

म्हणून आजार नसताना हे तपासून ठेवा. १४५५५ या केंद्राच्या हेल्पलाइनवर विचारा, किंवा कोणत्याही जोडलेल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे तिथे योजनेचे काम पाहणाऱ्या माणसाला, कार्ड दाखवा. दोन गोष्टी विचारायच्या: आमचे कुटुंब केंद्राच्या यादीत आहे का, आणि अमुक रुग्णालय अमुक आजारासाठी जोडलेले आहे का. दुसरा प्रश्न विसरू नका. एखादे रुग्णालय हृदयविकारासाठी जोडलेले असते आणि हाडांच्या शस्त्रक्रियेसाठी नसते.

मिरजेची ओढ आजची नाही. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये तिथे मिशनचे रुग्णालय सुरू केले, तेव्हा हे राज्यच नव्हते आणि ही सीमाही नव्हती. अथणी-कागवाडच्या माणसाला मिरजेला जाणे परमुलखात जाण्यासारखे कधी वाटले नाही. उलट दिशेनेही तसेच आहे. चंदगडच्या माणसाला कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या वर आणि बेळगाव त्याच्या निम्म्याहून कमी, म्हणून तो बेळगावच्या सिव्हिलला किंवा केएलईच्या रुग्णालयात येतो. माणसे जवळच्या दवाखान्यात जातात आणि जातच राहतील. योजनांनी त्यांच्या मागे यायला पाहिजे.

कार्ड चालत नसेल तर परराज्यातले सरकारी रुग्णालय आम्हाला परत पाठवू शकते का?

तातडीचा रुग्ण असेल तर नाही. १९८९ च्या परमानंद कटारा खटल्यात आणि १९९६ च्या पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की जीव वाचवण्याचे उपचार नाकारणे म्हणजे घटनेच्या २१ व्या कलमातला जगण्याचा हक्क नाकारणे. ३० एप्रिल २०२१ च्या आदेशात, दुसऱ्या लाटेच्या ऐन भरात, न्यायालय आणखी स्पष्ट बोलले. त्या राज्याचा रहिवासी पुरावा नाही, किंवा कोणतेच ओळखपत्र नाही, एवढ्या कारणावरून कोणत्याही राज्यात रुग्णाला दाखल करणे किंवा आवश्यक औषध देणे नाकारू नये. पाठोपाठ मे महिन्यात केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने तसे धोरण काढले.

तो आदेश कोरोनाच्या काळासाठी होता, पण त्याच्यामागचा विचार त्या काळापुरता नाही. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा मिरजेच्या सरकारी रुग्णालयात कोणी 'तुम्ही कर्नाटकचे' म्हणाले, तर वाद न घालता म्हणावे, 'आधी तपासा, आणि घेत नसाल तर तसे लिहून द्या.' हे वाक्य अनेकदा काम करते, कारण लिहून द्यायला कोणी तयार नसते.

गोव्याचे वेगळे आहे. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजमध्ये जानेवारी २०१८ पासून गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागते. खानापूरकडची माणसे चोर्ला घाट उतरून तिकडे जातात, त्यांनी पैशांची तयारी ठेवून जावे.

महाराष्ट्राने ८६५ गावांसाठी आरोग्य योजना जाहीर केली होती. ती मिळते का?

२०२३ च्या सुरुवातीला महाराष्ट्र सरकारने महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा लाभ सीमाभागातल्या, महाराष्ट्राने दावा केलेल्या ८६५ गावांना द्यायचे ठरवले आणि त्यासाठी ५४ कोटी रुपयांची तरतूद केली. कर्नाटक सरकारने जोरदार हरकत घेतली. जानेवारी २०२४ मध्ये बेळगाव परिसरात या योजनेचे अर्ज भरून घेणारी केंद्रे प्रशासनाने बंद पाडली.

योजनेचा अर्ज भरायचा असेल तर महाराष्ट्रातल्या जोडलेल्या रुग्णालयातच आरोग्यमित्राकडे चौकशी करा. गावात कोणी पैसे घेऊन 'कार्ड काढून देतो' म्हणाले, तर देऊ नका.

मला यात जे बोचते ते सांगतो. सीमाप्रश्नाचा दावा सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून आहे. तो कधी सुटायचा तेव्हा सुटेल. पण एखाद्या बाईच्या डायलिसिसचे पैसे कोणत्या सरकारच्या खिशातून गेले, याने कोणाच्याही जमिनीवरचा हक्क इंचभर सरकत नाही. एका राज्याने देऊ केलेली मदत दुसऱ्याने अडवायची, आणि देणाऱ्यानेही ती घोषणेपुरती ठेवायची, यात रुग्ण मरतो. त्याच २०२३ मध्ये महाराष्ट्राने योजनेचा विस्तार करताना कर्नाटकातल्या सीमेलगतच्या जिल्ह्यांतली रुग्णालयेही जोडायचे ठरवले होते. चंदगडच्या माणसासाठी ते योग्यच आहे. कर्नाटकाने राज्याने जोडलेल्या कुटुंबांसाठी कोल्हापूर, सांगली, मिरजेत तसे केले, तर कागवाडचा प्रश्न निम्मा सुटेल. दोन्ही राज्यांच्या आरोग्य खात्यांनी बसून करायचे हे काम आहे.

आमचे एपीएल कार्ड आहे. आम्हाला काहीच मिळत नाही का?

मिळते, पण थोडे. बीपीएल कुटुंबाला कर्नाटकच्या योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मोफत. एपीएल कुटुंबाला योजनेच्या ठरलेल्या दराच्या ३० टक्के रक्कम, तीही वर्षाला दीड लाखापर्यंत. उरलेले ७० टक्के आपल्याला भरावे लागतात.

यात एक अडचण सगळ्यांना नडते, ती म्हणजे रेफरल. गुंतागुंतीच्या उपचारांसाठी खासगी रुग्णालयात जायचे तर आधी सरकारी रुग्णालयाचे पत्र लागते. तातडीच्या ठरावीक उपचारांना ते लागत नाही. हे माहीत नसल्याने लोक थेट खासगीत दाखल होतात, अनामत भरतात आणि मग कार्ड काढतात. तोवर 'रोख रुग्ण' म्हणून नोंद झालेली असते. कार्ड पहिल्या मिनिटाला दाखवा.

खासगी रुग्णालयाने बिल फुगवले किंवा बिलासाठी मृतदेह अडवला, तर?

कर्नाटकात खासगी वैद्यकीय आस्थापना कायदा २००७ चा आहे आणि २०१७ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली. तातडीच्या रुग्णाकडे आगाऊ रक्कम मागून उपचार थांबवता येत नाहीत. दर लावलेले असले पाहिजेत. मृतदेह थकीत बिलासाठी ठेवून घेता येत नाही. पैसे नंतर वसूल करावेत, देह लगेच द्यावा, असे कायदा सांगतो.

तक्रार जिल्हा नोंदणी व तक्रार निवारण प्राधिकरणाकडे करायची. अध्यक्ष जिल्हाधिकारी आणि सदस्य सचिव जिल्हा आरोग्य अधिकारी, म्हणजे आपल्या बोलण्यातले डीसी आणि डीएचओ. बिलाची प्रत, केसपेपर, पैसे भरल्याच्या पावत्या जोडा. पक्के, तपशीलवार बिल मागणे हा तुमचा हक्क आहे. 'एकूण इतके' अशी एकाच ओळीची चिठ्ठी घेऊन घरी येऊ नका, नंतर काहीच सिद्ध करता येत नाही.

लशीच्या वेळी आमच्या गावात लस यायच्या आधीच बाहेरचे लोक घेऊन जायचे. असे का झाले?

१६ जानेवारी २०२१ ला लसीकरण सुरू झाले, आधी आरोग्य कर्मचारी, मग ज्येष्ठ. १ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयाच्या लोकांना लस खुली झाली, पण त्यांना कोविनवर ऑनलाइन नोंदणी सक्तीची होती. ज्याचा फोन चांगला, नेट वेगवान आणि बोटे चपळ, त्याला जागा मिळाली. शहरातल्या मुलांनी तीस-चाळीस किलोमीटरवरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातले स्लॉट पकडले आणि गाडी काढून ते तिथे गेले. त्या केंद्राच्या शेजारी राहणारा शेतमजूर दारात उभा राहून पाहत होता. त्या मुलांना मी दोष देत नाही, व्यवस्थाच तशी बांधली होती. कोविनचे पान सुरुवातीला इंग्रजीत होते, मराठी आणि कन्नडसह इतर भाषा जून २०२१ मध्ये आल्या. ३१ मे २०२१ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने फोन आणि इंटरनेट नसलेल्यांचे काय, हा प्रश्न केंद्राला स्पष्ट विचारला.

त्या काळात एक चतुर्थांश लस खासगी रुग्णालयांसाठी राखीव होती. जूनमध्ये ठरलेली कमाल किंमत कोविशील्डची ७८० आणि कोव्हॅक्सिनची १,४१० रुपये डोसला. पाच जणांच्या घराला दोन डोसांचे कोविशील्डचेच ७,८०० रुपये. बिडी वळणाऱ्या घरात एवढे पैसे लशीला कुठून निघणार? २१ जूनपासून केंद्राने सर्व प्रौढांना मोफत लस द्यायला सुरुवात केली, मग गावातल्या रांगा पुढे सरकल्या.

मला कन्नड वाचता येत नाही. दवाखान्यात अर्ज आणि संमतीपत्र समजत नाही. मी मराठीत मागू शकतो का?

मागू शकता, आणि मागावे. घटनेच्या ३५० व्या कलमानुसार कोणत्याही अधिकाऱ्याकडे गाऱ्हाणे मांडताना केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत अर्ज देता येतो. भाषिक अल्पसंख्याकांसाठी केंद्राने मान्य केलेल्या तत्त्वांनुसार, जिथे एखाद्या भाषेचे लोक १५ टक्के किंवा जास्त आहेत, तिथे महत्त्वाच्या सूचना त्या भाषेतही प्रसिद्ध व्हायला हव्यात. खानापूर, बेळगाव आणि निपाणी या तालुक्यांत मराठी लोक किती आहेत हे कोणाला सांगायला नको.

दवाखान्यातला हा प्रश्न मी भाषेच्या अभिमानापेक्षा रुग्णाच्या सुरक्षेचा मानतो. गोळी जेवणाआधी की नंतर, इन्सुलिन किती, शस्त्रक्रियेत काय काढणार, हे कळले नाही तर माणूस दगावू शकतो. सही करण्यापूर्वी 'मराठीत समजावून सांगा' म्हणा. बेळगावच्या दवाखान्यांत बहुतेक सिस्टरना आणि वॉर्डबॉयना मराठी येते, आणि विचारले की त्या मनापासून सांगतात. इथल्या कन्नड आणि मराठी माणसांनी एकमेकांच्या रुग्णांना रक्त दिले आहे, डबे पोहोचवले आहेत. अडचण छापील कागदाची आहे. महामारीत विलगीकरणाचे नियम, हेल्पलाइनच्या सूचना, घरावर लावलेली नोटीस, सगळे कन्नडमध्ये आले आणि घरातल्या म्हाताऱ्यांना ते शाळेत जाणाऱ्या नातवाकडून वाचून घ्यावे लागले.

खानापूरच्या जंगलातल्या गावांचे काय?

गवाळी, पास्टोली, कोंगळा, कृष्णापूर, आमगाव ही भीमगड अभयारण्यातली गावे. २०११ मध्ये अभयारण्य जाहीर झाले आणि पक्का रस्ता, पूल, वीज या साऱ्यासाठी वनखात्याची परवानगी लागू लागली. पावसाळ्यात ओढे भरले की रुग्णाला लाकडाच्या डोलीवर घालून चालत रस्त्यापर्यंत आणावे लागते. १०८ ची रुग्णवाहिका कर्नाटकात २००८ पासून आहे, पण ती रस्ता असेल तिथपर्यंतच येते. आणि फोनला रेंज नसेल तर १०८ ला बोलावणार कसे?

सरकारच्याच निकषांनुसार डोंगराळ भागात ३,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र आणि २०,००० लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे. पण वीस-पंचवीस किलोमीटरच्या जंगलात विखुरलेल्या, शंभर-दोनशे माणसांच्या वाड्यांना लोकसंख्येचा निकष लावून काय मिळणार? तिथे अंतराचा आणि वेळेचा निकष हवा: कोणत्याही घरातून प्रशिक्षित नर्सपर्यंत किती तासांत पोहोचता येते. गरोदर बाईला तारखेच्या आधी आठ-दहा दिवस खानापुरात आणून ठेवायची सोय, तिच्या सोबतच्या बाईच्या जेवणाची सोय, प्रत्येक वाडीत औषधांची पेटी आणि ती वापरायला शिकवलेली एक व्यक्ती, हे रस्ता होण्याची वाट न पाहता करता येते. गाव उठवून बाहेर वसवण्याची चर्चा वर्षानुवर्षे चालते. तोवर तिथे राहणाऱ्यांना ताप येतच असतो.

घरातले माणूस कोल्हापुरात कोरोनाने गेले. दाखल्याचे आणि मदतीचे काय?

मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथे होते, गावात नाही. कोल्हापुरात मृत्यू झाला असेल तर दाखला तिथल्या महापालिकेकडूनच मिळणार. नोंदच राहून गेली असेल तर उशिराची नोंद करता येते, वर्ष उलटल्यावर मात्र दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो.

सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर कोरोना मृतांच्या वारसांना ५०,००० रुपये ठरले. कर्नाटकाने बीपीएल कुटुंबांसाठी वेगळा एक लाख जाहीर केला. न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये अर्जाची मुदत ठरवून दिली. २० मार्च २०२२ पूर्वीच्या मृत्यूंसाठी ६० दिवस, नंतरच्यांसाठी मृत्यूपासून ९० दिवस. ज्यांना खऱ्या अडचणीमुळे मुदत गाठता आली नाही, त्यांच्यासाठी तक्रार निवारण समितीकडे जाण्याची वाट ठेवली होती. ज्या घरांत अहवालच झाला नाही, माणूस वाटेत किंवा अंथरुणात गेला, ती घरे या मदतीबाहेर राहिली. किती? २०२१ अखेरपर्यंत देशात कोरोनाचे अधिकृत मृत्यू सुमारे ४.८ लाख होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० आणि २०२१ मधले जादा मृत्यू ४७ लाखांच्या आसपास मांडले, भारत सरकारने ती पद्धत मान्य केली नाही. पण सरकारच्याच नागरी नोंदणीत २०२० मध्ये ८१ लाख मृत्यू आणि २०२१ मध्ये १ कोटी २ लाख मृत्यू नोंदले गेले. एका वर्षात एकवीस लाखांची वाढ आहे, आणि तिच्यात आपल्या गल्लीतली माणसेही आहेत.

कोरोना तर संपला. आता काय उरले?

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ ला आणीबाणी मागे घेतली. उरले आहेत ते त्या काळात मागे पडलेले आजार. क्षयरोगाचे उदाहरण घ्या. देशात २०१९ मध्ये सुमारे २४ लाख रुग्णांची नोंद झाली होती, २०२० मध्ये ती १८ लाखांवर आली. रुग्ण कमी झाले नव्हते, तपासायला कोणी जात नव्हते. खोकला म्हटला की लोक कोरोनाच्या भीतीने लपवत. निपाणीकडच्या तंबाखूच्या वखारींत आणि बिडी वळणाऱ्या घरांत खोकला वर्षभराचा सोबती असतो, तिथे हे आणखी धोक्याचे. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणे असे असेल तर सरकारी दवाखान्यात बेडका तपासणी मोफत होते, औषधेही मोफत. उपचार चालू असताना आहारासाठी महिना १,००० रुपये बँकेत येतात, नोव्हेंबर २०२४ पूर्वी ते ५०० होते. बिडी कामगाराचे ओळखपत्र असेल तर कामगार कल्याणाच्या दवाखान्याचाही हक्क आहे. ते कार्ड बायकांच्या स्वतःच्या नावाने काढा.

साखर आणि रक्तदाबाच्या गोळ्या टाळेबंदीत सुटल्या त्या अनेकांच्या सुटल्याच. त्या परत सुरू करा. मनाचा त्रास, झोप न येणे, भीती बसणे यासाठी १४४१६ हा टेलिमानसचा मोफत नंबर आहे.

आशाताई घरी आल्या की लोक त्यांच्यावरच चिडतात. त्यांचा काय दोष?

काहीच नाही. महामारीत पहिल्यांदा दारात आल्या त्या त्याच, आणि बहिष्कारही त्यांनीच सोसला. कर्नाटकातल्या आशांनी जुलै २०२० मध्ये, साथ भरात असताना, महिना १२,००० मानधनासाठी काम थांबवले. जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा बेंगळुरूला जाऊन बसावे लागले, तेव्हा किमान १०,००० चे आश्वासन मिळाले. गावाची सगळी आरोग्यसेवा ज्या बाईच्या पायांवर उभी आहे, तिला सरकार अजून कर्मचारी म्हणत नाही. ग्रामपंचायतीत त्यांच्या बाजूने बोला.

आत्ता, काही झालेले नसताना, घरात काय करून ठेवावे?

एका पिशवीत रेशन कार्ड, सर्वांची आधार कार्डे, आयुष्मान कार्ड, जुने केसपेपर आणि चालू औषधांची यादी ठेवा. यादी मराठीत लिहा आणि औषधाचे नाव पाकिटावर आहे तसे इंग्रजीतही, म्हणजे मिरजेत, बेळगावात, हुबळीत कुठेही वाचता येईल. १०८ आणि १०४ हे नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा. १०४ वर कर्नाटकच्या आरोग्य खात्याचा सल्ला मिळतो आणि तक्रारही नोंदवता येते. रात्री गाडी काढणारे गावातले दोघे कोण, हे आधी बोलून ठेवा.

प्रत्येक गावात आरोग्य, स्वच्छता आणि पोषण समिती असते आणि तिला वर्षाला थोडा निधी मिळतो. तिची बैठक कधी झाली, पैसे कशावर गेले, हे ग्रामसभेत पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना) विचारता येते. पुढच्या ग्रामसभेत दोन ठराव मांडून पाहा: प्राथमिक आरोग्य केंद्रातले फलक आणि संमतीपत्रे मराठीतही लावावीत, आणि साथीच्या काळात आपल्या नाक्यावरून रुग्ण कसा सोडला जाईल याची लेखी पद्धत जिल्हाधिकाऱ्यांनी शेजारच्या जिल्ह्याशी बोलून जाहीर करावी. ठरावाची प्रत डीसी आणि डीएचओ दोघांना पाठवा आणि पोच घ्या.